ब्लड कल्चरमध्ये यीस्ट, पेशंट तरुण आणि सुईने नशा करणारा : तालुक्याच्या दवाखान्यात काय करता येईल?

सातपुडा_एमओ

नंदुरबार जिल्ह्यातल्या उपजिल्हा रुग्णालयाच्या हिशोबाने विचारतो आहे. मोठ्या हॉस्पिटलचं उत्तर पुस्तकात आहेच.

पंचविशीचा पुरुष, वजन ४८ किलो, आठवडाभर थंडी वाजून ताप. मधुमेह नाही, आयसीयूत कधी नव्हता, पोटाचं ऑपरेशन नाही. मलेरिया आणि डेंग्यू निगेटिव्ह. बाहेर विडाल (टायफॉइडची रक्ततपासणी) १:१६० आली म्हणून पाच दिवस सेफ्ट्रायॅक्झोन झालंय, ताप जागचा हलला नाही. कोपरांच्या आत सुईच्या जुन्या खुणा, उजव्या जांघेत सुपारीएवढी कडक गाठ. विश्वासात घेऊन विचारल्यावर सांगितलं, की ॲम्प्यूल आणि वायल मिसळून शिरेत घेतो, कधी पावडर. एचआयव्ही निगेटिव्ह. बीपी ११०/७०, शुद्धीत आहे, क्रिएटिनिन १.१.

ब्लड कल्चरची (रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी) एकच बॉटल गेली होती. लॅबचा निरोप: यीस्ट दिसतंय, कंटॅमिनेशन असू शकतं, क्लिनिकली बघा. एचआयव्ही नाही, शुगर नाही, तर बुरशी रक्तात आली कुठून? औषध आता सुरू करू की रिपीट कल्चरची वाट बघू? माझ्याकडे फ्लुकोनॅझोलच्या १५०च्या गोळ्या, २०० मिग्रॅच्या शिरेतून द्यायच्या बाटल्या आणि साधं ॲम्फोटेरिसिन आहे. कॅस्पोफंजिन नाही. आणि हा मुलगा दोन दिवसांपेक्षा जास्त वॉर्डात टिकेल असं सिस्टर म्हणत नाहीत.

---

पेट्रीडिश_धुळे

लॅबच्या बाजूने आधी एक गोष्ट ठाम सांगते. असं यीस्ट म्हणजे बहुतेकदा कॅन्डिडा, आणि ब्लड कल्चरमध्ये कॅन्डिडा आला तर तो कंटॅमिनेशन धरायचा नसतो. एकाच बॉटलमध्ये आला तरी नाही. कोॲग्युलेज निगेटिव्ह स्टॅफचा (त्वचेवरचा जिवाणू, एकाच बॉटलमध्ये आला तर बहुतेकदा कंटॅमिनेशन) नियम इथे लावू नका. उलट ब्लड कल्चर कॅन्डिडाच्या निम्म्याच केसेस पकडतं, त्यामुळे जो हाती लागला तो नशीबाने लागला असं समजा.

रिपीट कल्चर घ्या, पण औषध त्याच्यासाठी अडवू नका. रक्त काढलं की तासाभरात पहिला डोस.

काढताना रक्ताचं प्रमाण सर्वात महत्त्वाचं. एका सेटला २० मिली, म्हणजे दोन बॉटल्समध्ये १०-१०, आणि वेगवेगळ्या जागेवरून दोन सेट, जमले तर तीन. २-३ मिली टाकून पाठवलेली बॉटल निगेटिव्ह आली तर त्या निगेटिव्हला अर्थ नाही. १० मिलीच निघालं तर सगळं एरोबिक बॉटलमध्ये टाका, कॅन्डिडाला हवा लागते. या पेशंटच्या शिरा वाळलेल्या असतात. कुठली शीर चालू आहे हे त्यालाच विचारा, त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. जांघेतून काढू नका, तिथल्या त्वचेवर कॅन्डिडा मुळातच राहतो आणि मग खरंच गोंधळ होईल. शीर नाहीच मिळाली तर मनगटाच्या धमनीतून काढलेलं रक्तही कल्चरला चालतं. त्वचेला अल्कोहोलमधलं क्लोरहेक्सिडिन, अर्धा मिनिट वाळू द्या. बॉटलच्या रबराला स्पिरिट लावा, आयोडीन नको, रबर खराब होतं.

वाहतूक हा आपल्या भागातला खरा घोटाळा. शहाद्याहून धुळ्याला दोन-अडीच तास. मे महिन्यात उन्हात उभ्या जीपच्या डॅशबोर्डवर बॉटल ठेवली तर आतलं शिजून निघतं. दुसरीकडे काही जण काळजीपोटी बॉटल फ्रीजमध्ये ठेवतात, तेही चूक. रूम टेंपरेचर म्हणजे २०-२५ अंश. थर्माकोलच्या डब्यात वर्तमानपत्राचे थर, एखादा आईस पॅक हवाच असेल तर कागदात गुंडाळून बाजूला, बॉटलला टेकता कामा नये. रात्रीचं सॅम्पल सकाळच्या गाडीची वाट बघत बसवण्यापेक्षा, पेशंट स्थिर असेल तर एक सेट आत्ता आणि दुसरा गाडी निघायच्या आधी काढा. फॉर्मवर 'आधीच्या बॉटलमध्ये यीस्ट' असं लिहा. ते लिहिलेलं असलं की सॅबोरॉडची (बुरशी वाढवायच्या माध्यमाची) प्लेट पहिल्या दिवशीच लावली जाते.

मशीन नसलेल्या लॅबसाठी: साध्या ब्रॉथमध्ये यीस्ट वाढलं तरी कित्येकदा गढूळपणा दिसत नाही. २४ तास, ४८ तास आणि पाचवा दिवस, असं डोळे झाकून सबकल्चर करायचं. 'बॉटल स्वच्छ दिसते' या शेऱ्यावर निगेटिव्ह काढू नका.

ग्रॅम स्टेनच्या स्लाईडवर अंकुर फुटलेल्या मोठ्या जांभळ्या पेशी दिसल्या की फोन. मग जर्म ट्यूब, म्हणजे कॅन्डिडाची अल्बिकन्स ही जात ओळखायची चाचणी: अर्धा मिली सीरम, वसाहतीला सुईने नुसता स्पर्श करून त्यात घोळायचं, ३७ अंशावर दोन ते तीन तास. भरपूर मटेरियल घातलं तर खरी अल्बिकन्ससुद्धा नळी काढत नाही. तीन तासांच्या पुढे ठेवलं तर ट्रॉपिकॅलिस ही दुसरी जात लांब पेशी काढून फसवते. खऱ्या जर्म ट्यूबला उगमापाशी आवळलेपण नसतं, ते बघा. क्रोम अगारवर (जातीनुसार रंग दाखवणारं माध्यम) अल्बिकन्स हिरवी, ट्रॉपिकॅलिस निळी, क्रुसेई गुलाबी आणि खरबरीत. आपल्या देशात आयसीयूतल्या कॅन्डिडेमियात (रक्तात कॅन्डिडा) ट्रॉपिकॅलिस पुढे आहे, त्यामुळे 'जर्म ट्यूब निगेटिव्ह' एवढ्यावर रिपोर्ट संपवणं मला पटत नाही.

---

फिजिशियन_जळगाव

मॅडमनी लॅबचं सांगितलं, मी बाकीचं.

एचआयव्ही निगेटिव्ह आहे तर बुरशी कशी, हा प्रश्न बरेच जण विचारतात. एचआयव्हीत टी-पेशी कमी होतात, त्यामुळे तोंडात, अन्ननलिकेत पांढरा थर येतो. रक्तात शिरलेल्या कॅन्डिडाला अडवतात त्या न्यूट्रोफिल पेशी, आणि त्या या मुलाच्या चांगल्या असतील. इथे प्रतिकारशक्ती तुटलेली नाही, दारच उघडं आहे: सुई एका झटक्यात भरपूर जंतू थेट शिरेत सोडते. १९८०च्या दशकात युरोपात स्पेन, फ्रान्स, ग्लासगो इथे तपकिरी हेरॉइन घेणाऱ्यांत असे रुग्ण एकामागून एक आले. ती पावडर नुसत्या पाण्यात विरघळत नाही, म्हणून लोक लिंबू पिळत. कापून ठेवलेल्या लिंबात कॅन्डिडा मजेत वाढतो. अमेरिकेतल्या अलीकडच्या नोंदींत कॅन्डिडेमियाच्या दर दहातला साधारण एक रुग्ण सुईने नशा करणारा निघतो, आणि तो बाकीच्यांपेक्षा वयाने बराच लहान असतो.

या आजाराची एक चाल असते, ती लक्षात ठेवण्यासारखी. इंजेक्शननंतर काही तासांत थंडी, ताप, डोकेदुखी, घाम. मग एक ते चार दिवसांत डोक्याच्या केसांत आणि दाढीत दुखऱ्या पुटकुळ्या. पुढच्या काही दिवसांत ते दोन आठवड्यांत डोळा. आणि आठवड्यांनी किंवा महिन्यांनी बरगडीचा कूर्चेशी जोड, हंसळीचा सांधा किंवा कणा. पुटकुळ्या येईपर्यंत रक्तातली बुरशी बऱ्याचदा ओसरलेली असते आणि कल्चर निगेटिव्ह येतं. तेव्हा रक्ताच्या मागे न लागता पुटकुळीतला केस चिमट्याने मुळासकट उपटा, स्लाईडवर १० टक्के केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड), पंधरा मिनिटं थांबा, बघा. दुसरा केस कल्चरला. हे कुठल्याही पीएचसीत होतं. तेव्हा या मुलाच्या डोक्यावरून बोटं फिरवा आधी.

उलट, इंजेक्शननंतर अर्ध्या-एक तासात हुडहुडी भरून ताप आणि दिवसभरात आपोआप उतार, असं असेल तर तो कापसाचा ताप. कापसाच्या बोळ्यातून गाळून घेतात, त्यातल्या पॅन्टोईया नावाच्या जिवाणूशी त्याचा संबंध जोडला आहे. हा जिवाणू कापसाच्या झाडावर राहतोच, आणि आपल्याकडे तर घरात सरकी काढलेला कापूस पडलेलाच असतो. पण पहिल्या भेटीत 'कापसाचा ताप असेल' म्हणून घरी पाठवायचं नाही. कल्चर काढून मगच ते निदान.

औषध. जगभरची पहिली पसंती एकायनोकँडिन गटाला आहे, कॅस्पोफंजिन त्यातलंच. पण तुमचा पेशंट स्थिर आहे, आधी कधी अझोल (फ्लुकोनॅझोलच्या गटातलं औषध) घेतलेलं नाही असं समजतो (गजकर्णासाठी मेडिकलमधून आठवड्याची गोळी घेतली का, हे मात्र नक्की विचारा, आपल्याकडे अर्ध्या गावाने घेतलेली असते). अशात फ्लुकोनॅझोल सुरू करायला हरकत नाही. शिवाय ते डोळ्यात आणि मेंदूत चांगलं पोचतं, एकायनोकँडिन तिथे नीट पोचत नाही. पहिल्या दिवशी किलोला १२ मिग्रॅ, म्हणजे ५७६, सरळ ६०० द्या. दुसऱ्या दिवसापासून किलोला ६, म्हणजे ३००. ४०० दिलं तरी चालेल. ताप आणि उलटी असताना पहिले दिवस शिरेतून, मग तोंडाने. गोळी नव्वद टक्क्यांहून जास्त शोषली जाते, त्यामुळे सलाईनचा हट्ट नको. क्रिएटिनिन क्लिअरन्स ५०च्या खाली गेला तर पहिला डोस पूर्ण ठेवून पुढचे निम्मे.

बीपी पडलं, शुद्ध हरपली किंवा रिपोर्टमध्ये क्रुसेई, ग्लॅब्राटा, ऑरिस आली तर फ्लुकोनॅझोलवर थांबायचं नाही. ॲम्फोटेरिसिन लावून धुळ्याला किंवा जळगावला हलवा.

मुदत चौदा दिवस, पण कुठून मोजायची इथे सगळे चुकतात. औषध सुरू केल्यापासून नाही, पहिलं निगेटिव्ह कल्चर ज्या दिवशी काढलं तिथून. म्हणून एक दिवसाआड कल्चर, आणि निगेटिव्ह आलेल्याची तारीख केसपेपरच्या पहिल्या पानावर ठळक. डोळा, झडप किंवा हाड गुंतलं असेल तर चौदा दिवसांचा हिशोब लागू नाही, तिथे आठवडे आणि महिने लागतात.

आणि जांघेतली ती गाठ! कृपा करून डॉप्लर झाल्याशिवाय तिला ब्लेड लावू नका. जांघेत टोचणाऱ्यांत ती गळू नसून फुगलेली धमनी असू शकते. हाताला ठोका लागतो का बघा, स्टेथो ठेवून फुसफुस ऐका. ठोका लागला नाही म्हणून नि:शंक होऊ नका, आत गुठळी असली की लागत नाही. त्याच डॉप्लरमध्ये फिमोरल शिरेत गुठळी आहे का तेही कळेल. कल्चर पाचव्या दिवसापर्यंत पॉझिटिव्ह येत राहिलं तर बुरशी बहुतेक तिथे किंवा हृदयाच्या झडपेवर बसलेली असते. एको एरवीही करून घ्याच. झडपेवर कॅन्डिडा असेल तर गोळे मोठे असतात, सुटून पायाची धमनी अडवतात, आणि बहुतेकदा ऑपरेशनशिवाय भागत नाही.

---

सातपुडा_एमओ

सर, खूप उपयोगी. डोक्यात मागच्या बाजूला चार पुटकुळ्या आहेत, केसतूड असतील असं समजून कुणी बघितलंच नव्हतं. केओएच लावतो. साधं ॲम्फोटेरिसिन द्यायची वेळ आली तर इथल्या सिस्टरना बनवायची सवय नाही. कुणी नीट सांगेल का?

---

औषधसाठा_चाळीसगाव

फार्मसीच्या खुर्चीवरून सांगतो.

आधी वायलवरचं नाव दोनदा वाचा. साधं ॲम्फोटेरिसिन आणि लायपोसोमल ही दोन वेगळी औषधं आहेत, डोस वेगळा. लायपोसोमल किलोला ३ ते ५ मिग्रॅ. साधं किलोला ०.७ ते १, आणि १.५च्या वर कधीच नाही. २०२१च्या म्युकरच्या लाटेत सगळ्यांच्या तोंडी लायपोसोमलचा डोस बसलाय. तोच साध्याला लावला तर हृदय बंद पडतं. ऑर्डरमध्ये नुसतं 'ॲम्फो' लिहिलेलं असेल तर ती ऑर्डर परत पाठवा.

४८ किलोला ०.७ने ३४ होतात, ३५ धरू. ५० मिग्रॅच्या वायलमध्ये १० मिली स्टराइल वॉटर, पिवळं द्रावण स्वच्छ होईपर्यंत हलवा. प्रत्येक मिलीत ५ मिग्रॅ. त्यातलं ७ मिली ५०० मिली ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये. नॉर्मल सलाईनमध्ये किंवा आरएलमध्ये (रिंगर लॅक्टेट) घातलं तर औषध फाटतं, खाली साका बसतो. ती बाटली फेकायची. सुईची लाईनसुद्धा आधी-नंतर डेक्स्ट्रोजनेच धुवा. चार ते सहा तासांत हळूहळू.

किडनी वाचवायची असेल तर त्याआधी ५०० मिली नॉर्मल सलाईन. हे वेगळ्या बाटलीतून, आधी, हे सिस्टरना स्पष्ट सांगा. नाहीतर 'सलाईन चालतं म्हणाले होते' म्हणून त्यातच मिसळतील. थंडी वाजते म्हणून अर्धा तास आधी पॅरासिटामॉल आणि फेनिरामिन. एक दिवसाआड क्रिएटिनिन आणि पोटॅशियम. पोटॅशियम भरूनही वर येत नसेल तर मॅग्नेशियम कमी असतं, ते दिल्याशिवाय पोटॅशियम टिकत नाही.

फ्लुकोनॅझोलबद्दल दोन ओळी. टीबीची औषधं चालू असतील तर रिफॅम्पिसिन त्याची रक्तातली मात्रा साधारण पाव भागाने उतरवतं. व्होरिकोनॅझोल तर रिफॅम्पिसिनसोबत द्यायचंच नाही, जवळपास सगळं उडून जातं. मेथाडोनवर (नशा सोडवायला देतात ते औषध) असलेल्याला फ्लुकोनॅझोल दिलं तर मेथाडोन तिसऱ्या हिश्शाने चढतं आणि ईसीजीतला क्यूटी लांबतो, ठोके बिघडू शकतात. ईसीजी काढा, उलटीसाठी सवयीने ओन्डॅन्सेट्रॉन ठोकू नका.

---

नेत्र_भुसावळ

वर डोळ्याचा उल्लेख आला, पण 'डोळ्याच्या डॉक्टरला दाखवा' एवढं लिहून भागत नाही. बाहुली मोठी करून, इनडायरेक्टने (मागचा पडदा बघायचं यंत्र), असं लिहा. टॉर्चने बघितलेला डोळा पांढरा-स्वच्छ असतो आणि पडद्यावर मागे कापसासारखे पांढरे ठिपके असतात.

ट्रॉपिकामाइड-फिनाइलएफ्रिनचे थेंब, दहा मिनिटांनी परत एकदा, अर्धा तास थांबा. पडद्याच्या मधल्या भागात मऊ कडांचे पांढरट ठिपके, वर जेलीत मोत्यांच्या माळेसारखे गोळे. पेशंट सहसा दुखतं म्हणत नाही. 'डोयापुढे जायं दिखस' (डोळ्यांपुढे जाळं दिसतं) म्हणतो आणि आपण चष्म्याचा नंबर काढायला पाठवतो.

२०२१ला अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेने म्हटलं, की तक्रार नसलेल्या प्रत्येक कॅन्डिडेमियात सरसकट डोळे तपासायची गरज नाही. संसर्गतज्ज्ञांच्या मार्गदर्शनात मात्र पहिल्या आठवड्यात सगळ्यांचीच तपासणी आहे. मी या पेशंटपुरता दुसऱ्या बाजूचा. सुईने नशा करणाऱ्यांत डोळा गुंतण्याचं प्रमाण जास्त दिसतं, तो तक्रार सांगायला परत येईलच असं नाही, आणि तपासणीला लागतात दोन थेंब. पहिली तपासणी स्वच्छ आली तरी दोन आठवड्यांनी एकदा परत.

जे करू नये ते: लाल डोळा, धूसर दिसतं, म्हणून युव्हीआयटिसचं (डोळ्याच्या आतली सूज) निदान करून स्टिरॉइडचे थेंब किंवा गोळ्या. आठवडाभर बरं वाटतं आणि मग आतली बुरशी भडकते. तरुण माणसाच्या एका डोळ्यात असं काही असेल तर बाही वर करून हात बघा.

फक्त पडद्यावर ठिपके असतील, जेली स्वच्छ असेल तर फ्लुकोनॅझोल किंवा व्होरिकोनॅझोल चार ते सहा आठवडे, ठिपके विरेपर्यंत. मॅक्युलाजवळ (पडद्याचा मध्यबिंदू) असेल किंवा जेलीत पसरलं असेल तर डोळ्याच्या आत इंजेक्शन लागतं, ॲम्फोटेरिसिन ५ ते १० मायक्रोग्रॅम ०.१ मिलीत, किंवा व्होरिकोनॅझोल १०० मायक्रोग्रॅम. आणि बऱ्याचदा व्हिट्रेक्टमी, म्हणजे ती जेली काढायचं ऑपरेशन. ती नाशिकला, संभाजीनगरला, तुमच्याकडून सुरतही जवळ. त्याच दिवशी पाठवा, पुढच्या ओपीडीची तारीख देऊ नका.

---

ओएसटी_सिस्टर

डॉक्टर, तुमच्या पहिल्या पोस्टमधलं शेवटचं वाक्य सगळ्यांनी सोडून दिलं. हा मुलगा दोन दिवसांत डामा (सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज) घेऊन जाईल, आणि तो बुरशीमुळे नाही, विड्रॉवलमुळे (नशा तुटल्याच्या त्रासामुळे) जाईल. चौदा दिवसांचं औषध लिहून काय उपयोग, पेशंट कॉटवर नसेल तर?

शेवटच्या डोसनंतर बारा तासांच्या आसपास जांभया, नाक गळणं, अंगावर काटा, पोटात मुरडा, पायात कळा. वॉर्डात त्याला 'नाटक' म्हणतात किंवा ताप वाढला म्हणून आणखी एक अँटिबायोटिक चढवतात. बाहुल्या बघा: विड्रॉवलमध्ये मोठ्या होतात. ॲडमिट करतानाच विचारून लिहून ठेवा, शेवटचं कधी घेतलं आणि काय काय मिसळून.

ब्युप्रेनॉर्फिन हा त्यावरचा सरळ इलाज. जिभेखाली ठेवायच्या ०.४ आणि २ मिग्रॅच्या गोळ्या असतात. विड्रॉवलची लक्षणं नीट दिसायला लागल्यावरच पहिली २ ते ४ मिग्रॅ, एक-दोन तासांनी बघून पुढे, पहिल्या दिवशी साधारण ८ पर्यंत. घाईने, अंगात आधीचं औषध असताना दिली तर विड्रॉवल एकदम उसळतं आणि तो गोळीला कायमचा नाव ठेवतो. गोळी विरघळेपर्यंत समोर बसा, पाच-दहा मिनिटं लागतात. हे औषध कुणीही कुठूनही आणून द्यायचं नसतं. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाला फोन करा, नाकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना) कार्यक्रमातलं ओएसटी केंद्र (नशेऐवजी देखरेखीखाली औषध देणारं) कुठलं जवळ ते १०९७वर सांगतात, नशामुक्तीची हेल्पलाईन १४४४६. ते मिळेपर्यंत क्लोनिडिन ०.१ मिग्रॅ सहा-आठ तासांनी, वरचं बीपी ९०च्या खाली असेल तर तो डोस चुकवा. आणि तो डायझेपाम किंवा दारूही घेत असेल तर ते तोडल्यावर फिट येते, ब्युप्रेनॉर्फिनने ती थांबत नाही. त्याची सोय वेगळी करावी लागते. फ्लुकोनॅझोलसोबत ब्युप्रेनॉर्फिन थोडं जास्त चढतं, झोपाळूपणा आणि श्वास बघत राहा.

आता बुरशी कुठून शिरते ते. आपल्याकडे लिंबापेक्षा वायल आणि तोंड ही कारणं जास्त बघावीत. १० मिलीची वायल चार जण मिळून वापरतात, वापरलेली सुई परत रबरात जाते, उरलेलं खिशात ठेवून दुसऱ्या दिवशी. आत प्रिझर्व्हेटिव्ह आहे म्हणून निर्धास्त असतात, ते इतक्या घाणीला पुरत नाही. गोळी कुटून घेणारे ती आधी तोंडात धरतात, सुई चाटून बघतात, टोपण दातांनी काढतात. तोंडात कॅन्डिडा असतोच. पाणी म्हणाल तर बिसलरीच्या झाकणात, नळाचं, कधी शौचालयाच्या टाकीतलं. आणि जांघ, जिथे घाम आणि कॅन्डिडा दोन्ही.

त्याला 'हे सोड' म्हणण्याआधी एवढं सांगा: दर वेळी नवी सुई-सिरिंज, स्वतःची. दर वेळी स्टराइल वॉटरची नवी ॲम्प्यूल, उरलेली फेकायची. लिंबू, व्हिनेगर काही नाही. चाटायचं नाही, त्वचेला स्वॅब लावून वाळू द्यायचं, टोचल्यावर थुंकी लावायची नाही. जांघ आणि मान वर्ज्य. कापसाचा बोळा जपून ठेवायचा नाही. आणि ताप आला, डोळ्यांपुढे काही तरंगलं तर त्याच दिवशी यायचं, पोलिसांना कुणी सांगणार नाही. हे शेवटचं सांगताना वॉर्डबॉयला बाहेर पाठवा.

हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी याच ॲडमिशनमध्ये. सी निघाला तर २०१८पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात गोळ्या मोफत आहेत. बी निगेटिव्ह असेल तर लस.

---

अस्थी_नंदुरबार

थोडक्यात, पण आपल्या पट्ट्यासाठी महत्त्वाचं. डिस्चार्जनंतर दोन-तीन महिन्यांनी हाच मुलगा कंबर धरून येईल. नंदुरबार-धडगाव भागात तरुणाची पाठदुखी आणि ताप म्हणजे डोक्यात दोनच गोष्टी येतात, सिकल सेलचा क्रायसिस किंवा मणक्याचा टीबी. एमआरआयमध्ये दोन मणके आणि मधली चकती खराब दिसली की बायोप्सी न करता एकेटी (टीबीची औषधं) सुरू होते. कॅन्डिडाही तसंच चित्र दाखवतो. वर रिफॅम्पिसिनमुळे चालू असलेलं फ्लुकोनॅझोल कमी पडतं, ते फार्मसीवाल्या भाऊंनी सांगितलंच.

म्हणून सीटीखाली सुईने नमुना घ्या आणि त्याचे भाग करा: एक सीबीनॅटला (टीबीची जनुकीय तपासणी), एक जिवाणू कल्चरला, एक फंगल कल्चरला, एक हिस्टोला (पेशीजालाची तपासणी). फॉर्मलिनमध्ये फक्त हिस्टोचा, बाकीचे सलाईनमध्ये. अख्खा नमुना फॉर्मलिनमध्ये पडला की कल्चर संपलं. हाडाला फ्लुकोनॅझोल किलोला ६ मिग्रॅ, सहा महिने ते वर्ष. डिस्चार्ज कार्डावर 'कॅन्डिडेमिया' हा शब्द आणि तारीख लिहा, सहा महिन्यांनी कार्ड माझ्यासारख्याच्या हातात येतं तेव्हा त्यावर 'पायरेक्सिया' एवढंच असतं.

---

सातपुडा_एमओ

केओएचमध्ये यीस्ट आणि लांब जोडलेल्या पेशी दिसल्या. दोन सेट काढून फ्लुकोनॅझोल ६०० दिलं. गाठीला ठोका नाही, डॉप्लरसाठी आणि डोळ्यांसाठी उद्या नंदुरबारला पाठवतो, मानसोपचार विभागाशी बोलणं झालंय. मॅडम, सेन्सिटिव्हिटी (कुठलं औषध लागू पडेल ती तपासणी) तुमच्याकडे होईल का, की प्लेट पुढे पाठवावी लागेल?

---

पेट्रीडिश_धुळे

डिस्क पद्धत साध्या लॅबलाही जमते. म्युलर-हिंटनमध्ये २ टक्के ग्लुकोज आणि मिलीला अर्धा मायक्रोग्रॅम मेथिलीन ब्लू, २५ मायक्रोग्रॅमची फ्लुकोनॅझोल डिस्क, ३५ अंशावर २० ते २४ तास. अल्बिकन्स, ट्रॉपिकॅलिस, पॅराप्सिलोसिसला १७ मिमी आणि वर म्हणजे चालेल, १३ आणि खाली म्हणजे रेझिस्टंट, मधे असेल तर डोस वाढवून. वर्तुळाच्या आत बारीक टिकल्यांसारख्या वसाहती दिसतात त्या मोजू नका, वाढ एकदम जिथे कमी होते तिथे पट्टी लावा. ट्रॉपिकॅलिस हे फार करते आणि नवीन टेक्निशियन उगाच रेझिस्टंट लिहितो. ग्लॅब्राटाला हे आकडे लावू नका.

जुन्या मशीनने 'हेम्युलोनी' असं नाव दिलं तर ती ऑरिस असू शकते, मालडीवर (जंतूची जात ओळखणारं यंत्र) खात्री होईपर्यंत पेशंट वेगळा ठेवा आणि फरशी-कॉट हायपोक्लोराइटने पुसा, फिनाइल त्याला पुरत नाही.

तुम्ही प्लेट पाठवू नका, रस्त्यात वाळते. सॅबोरॉडच्या तिरक्या नळीवर लावून, एक दिवस वाढवून, बूच घट्ट करून, नळीवर पेशंटचा नंबर आणि कल्चरची तारीख. रक्ताचे रिपीट सेट याच आठवड्यात एक दिवसाआड पाठवत राहा. ताप उतरला म्हणून थांबवू नका, आणि पहिली निगेटिव्ह बॉटल पाच दिवस पूर्ण झाल्याशिवाय मी तिला निगेटिव्ह म्हणणार नाही.